बर्फात ठेवू नये

देवगड बंदरात सगळं बर्फात जातं.
सुरमई, सरंगा, बांगड्यांचे क्रेट,
मे महिन्यात कुणाकुणाची सोडा-बाटलीसुद्धा.
जांभळ्या टोपणाची ही नळी तेवढी नाही.
तीन मिलिलिटर रक्त, सकाळच्या ओरोस गाडीनं जायचं,
आणि डब्यावर मी दर वेळी मोठ्या अक्षरांत लिहिते:
बर्फात ठेवू नये.
गारठल्या तर पेशी मरतात.
मग मोजायचं काय?

त्याचं नाव कुणाला सांगायचं नसतं.
इथं मी त्याला लवू म्हणते.
ट्रॉलरवर इंजिन बघायचा.
महिनाभर ताप अंगावर काढला, त्यासाठी आला नाही.
पेज गिळवेना, म्हणून आला.
डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली:
खवलेला नारळ कुणी पसरून ठेवावा तशी.
"खाली घशातही दुखतं?"
"काटो अडाकल्यासारख्या. पन मासो खाल्लंय खंय?"
शिमग्यात लिलावाच्या काट्यावर गंमत म्हणून उभा राहिला होता,
बासष्ट किलो.
आमच्या काट्यावर एक्कावन्न.

पहिली पट्टी बोलली तरी मी बोलत नाही.
दुसरी वेगळ्या कंपनीची,
तिसरी आणखीनच वेगळ्या रीतीची.
तिघींनी एकमेकींना न विचारता एकच सांगितलं
की पेन उघडते.
तेव्हाही लिहिते ते एवढंच, की विषाणू आहे.
एड्स हा शब्द माझ्या पट्ट्यांना येत नाही.

त्याला म्हटलं, होडीत पाणी शिरणं वेगळं, होडी बुडणं वेगळं.
आठ-दहा वर्षं पाणी शिरत राहतं,
आत कुणीतरी उपसत असतं,
माणूस वर जाळी ओढत असतो.
उपसणारे किती उरले, तेच ओरोसला मोजतात.

एकशे सत्त्याऐंशी.

"दोनशेक काय झाला? दोनशे एक असते तर?"
"तर आकडा म्हणाला नसता.
पण घशात उतरलेली बुरशी म्हणाली असती.
ती एकटीही पुरते."
लवू हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
"म्हंजे वावाची रेघ ही.
नऊ वावात जाळा मारलंस तर दंड,
अकरा वावात धंदो.
पाणी ताच."

मला उत्तर आलं नाही.
गोळ्या तर आता सगळ्यांनाच, आकडा कितीही असो.
रेघ आहे ती पहारा किती कडक बसवायचा, यासाठी,
असं काहीतरी म्हटलं, तोवर तो
खिशात चष्मा शोधत होता.
कागद त्याला स्वतः वाचायचा होता.

बायको बाहेर बाकावर, पिशवीत शेवग्याच्या शेंगा.
तिला त्यानंच सांगितलं. मी दार ओढून घेतलं.
तिच्या पट्टीवर एकच रेघ उमटली,
पट्टी चालते एवढंच सांगणारी.
तरी तीन महिन्यांनी परत ये म्हटलं.
कबूल व्हायला रक्ताला वेळ लागतो.
आली. पुन्हा एकच.
त्या दिवशी शेंगा मला दिल्या.

वर्षानं लवूचं वजन साठ. आकडा चारशे बारा.
कार्डावर मात्र तेच, टप्पा चौथा.
"खोडा ना बाय."
"एकदा लिहिलं की खोडत नाहीत."
"होडी वर इली, पन कागदावर बुडालेलीच?"
"कागदावर, हो."
बराच वेळ तो कार्डाकडे बघत राहिला,
मग घडी न मोडता खिशात घातलं.

यंदाच्या तपासणीला शिपाई रजेवर होता.
डबा स्टँडपर्यंत लवूच घेऊन गेला,
मीही मागोमाग, फॉर्म द्यायचा राहिला म्हणून.
गाडीशेजारी बर्फाचा टेम्पो उभा.
पोरगं फावडं उचलून म्हणालं,
"काका, काय आसा त्यात? बर्फ घालू?"
लवूनं डबा पोटाशी धरला.
"नको रे," म्हणाला,
"जिते आसत."